फुकटची कोथिंबीर आणि पाच गिगाहर्ट्झ

भाजीवाल्याने पिशवीत वरून टाकलेली मूठभर कोथिंबीर... शंभर रुपयांच्या भाजीपेक्षा त्या मूठभर हिरव्या काड्यांचा आनंद जास्त असतो की नाही? कम्प्युटरच्या दुनियेत या फुकटच्या कोथिंबिरीला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. कंपनीने प्रोसेसरच्या खोक्यावर जो वेग छापलाय, त्याच्यापेक्षा जास्त वेगाने तो पळवायचा. पैसे तेवढेच, वेग जास्त. बस!

आणि मंडळी, थंडी पडली की हा किडा हमखास वळवळतो. खोलीतली हवा गार, कॅबिनेटचे पंखे गप्प, टेम्परेचरचे आकडे शहाण्या मुलांसारखे खाली मान घालून बसलेले. रात्री एक वाजता बायोसमध्ये शिरायचं, दोन आकडे बदलायचे आणि सकाळी ऑफिसात कॉफी मशिनपाशी सांगायचं, ‘काल पाच गिगाहर्ट्झ काढले!’ गेल्या पंधरा दिवसांत मला तिघांनी विचारलंय, ‘करू का?’ माझं उत्तर एकच आहे. करा. पण वेग वाढवणं हे पंधरा मिनिटांचं काम आहे आणि तो वेग विश्वासाचा आहे का हे तपासणं पंधरा दिवसांचं. पंधरा दिवस देणार नसाल, तर त्या पंधरा मिनिटांच्या वाटेला जाऊ नका.

आमच्या सोसायटीत एक काका आहेत. त्यांना ओव्हरक्लॉकिंग म्हटलं की अजून डोळ्यांत पाणी येतं. १९९८ साली इंटेलने सेलेरॉन ३००ए नावाचा स्वस्तातला प्रोसेसर काढला. ३०० मेगाहर्ट्झचा. त्याचं गणित सोपं होतं : मदरबोर्डचा बस स्पीड ६६ मेगाहर्ट्झ, गुणिले साडेचार. हा साडेचारचा गुणक कंपनीने कुलूपबंद केलेला. पण ६६च्या जागी १०० करणारे मदरबोर्ड तेव्हा बाजारात होते. १०० गुणिले साडेचार म्हणजे ४५०! म्हणजे त्या काळच्या महागड्या पेंटियम २च्या वरच्या मॉडेलएवढा वेग, तोही गरिबाच्या प्रोसेसरमध्ये. काकांनी मुंबईला जाऊन लॅमिंग्टन रोडवर चार दुकानं पालथी घातली, अबिट कंपनीचा बीएच६ बोर्ड आणला आणि दीडपट वेग काढला. ‘दीडपट गं! पन्नास टक्के!’ असं ते अजून सांगतात. त्यांच्या लग्नाची तारीख त्यांना काकू आठवण करून देतात, पण सेलेरॉनची तारीख पाठ आहे.

काकांचा जमाना भारी होता हे खरं, पण त्यामागे एक कारण होतं. कंपन्या तेव्हा बऱ्याचदा चांगला दमदार माल कमी वेगाचं लेबल लावून विकायच्या, कारण स्वस्त प्रोसेसरला गिऱ्हाईक जास्त. आज तसं राहिलेलं नाही. आजचा प्रोसेसर स्वतःच स्वतःला ओव्हरक्लॉक करतो. टर्बो म्हणा, बूस्ट म्हणा, टेम्परेचर आणि व्होल्टेज बघून तो आपला आपण जमेल तेवढा पळतो. इंटेलचा आय९-१४९००के तर खोक्यातून निघतानाच एखाद-दुसऱ्या कोअरवर ६ गिगाहर्ट्झ गाठतो. म्हणजे भाजीवाल्याने कोथिंबीर आधीच मोजून, पॅक करून, किमतीत धरलेली आहे. अमेरिकेत सिलिकॉन लॉटरी नावाचं एक दुकान होतं. प्रोसेसर विकत घ्यायचे, कोणता किती पळतो ते तपासायचं आणि जास्त पळणारे जास्त किमतीला विकायचे, एवढाच त्यांचा धंदा. २०२१ साली त्यांनी शटर खाली ओढलं, कारण नव्या प्रोसेसरमध्ये वरचं काढण्यासारखं फारसं उरलंच नव्हतं. लिक्विड हीलियम ओतून ९ गिगाहर्ट्झची रेषा ओलांडणारे लोक आहेत, २०२२मध्ये ती ओलांडली गेली, पण तो सर्कशीचा विषय. आपल्याकडे हीलियम फुग्यात असतो आणि तो वाढदिवसाला लागतो.

तरीही थोडं उरलंय. दहा टक्के धरा. आणि या दहा टक्क्यांसाठी काय पणाला लागतं, ते माझ्या एका मित्राच्या बाबतीत मी जवळून बघितलं.

हा मित्र कोथरूडला राहतो आणि लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. त्याच्याकडे इंटेलचा आय५-१२६००के आहे. नावातल्या शेवटच्या ‘के’चा अर्थ, याच्या गुणकाला कुलूप नाही. झेड६९० चिपसेटचा बोर्ड, दोन टॉवरचा जाडजूड एअर कूलर. सगळं व्यवस्थित. त्याने जानेवारीतल्या एका रात्री मोठे कोअर ५.२ गिगाहर्ट्झवर नेले. व्होल्टेज ‘ऑटो’वर सोडलं. दहा मिनिटं सिनेबेंच चालवलं, ते पास झालं, स्कोअरचा फोटो काढला, झोपला. मग चार महिने मशिन मस्त चाललं. एकदाही हँग नाही. गेम खेळला, एक्स्पोर्ट केले, सगळं झकास.

मेमध्ये नाशिकचं एक लग्न केलं. काम संपलं, फिल्म दिली, पार्टी खूश. सगळं मूळ फुटेज त्याने एका मोठ्या झिप फाइलमध्ये बांधून क्लाउडवर चढवलं, एक कॉपी बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवली आणि कॅमेऱ्याची कार्डं पुढच्या लग्नासाठी फॉरमॅट करून टाकली. ऑगस्टमध्ये नवरीचा फोन आला. आजीची तब्येत बरी नाही, फिल्ममध्ये नसलेल्याही आजीच्या सगळ्या क्लिप्स मिळतील का? का नाही मिळणार! त्याने झिप उघडायला घेतली आणि स्क्रीनवर आलं, सीआरसी एरर. तीन फाइल्सना. क्लाउडवरच्या कॉपीतही त्याच तीन. दुसऱ्या कम्प्युटरवर उघडून बघितलं, तिथेही त्याच तीन. म्हणजे उघडताना काही बिघडत नव्हतं. बांधतानाच बिघडलेलं होतं. दोन क्लिप्सचं दुसऱ्या कॅमेऱ्यातलं शूटिंग सापडलं. तिसरी आजीच्या उखाण्याची होती. ती एकाच कॅमेऱ्यात होती.

तो फोन त्याने कसा केला, हे मी त्याला विचारलेलं नाही.

आता इथे थांबून जरा आतलं समजून घेऊ, कारण ‘हँग होत नाही म्हणजे चांगलं चाललंय’ हा समज सगळ्यांचा असतो. पुण्याच्या माणसाला हे समजवायला एक सोपी गोष्ट आहे : ढोल-ताशा पथक. प्रोसेसरचं क्लॉक म्हणजे ताशा. ताशा लय धरतो, ढोलवाले त्यावर ठोका टाकतात. ५ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ५ अब्ज ठोके. प्रत्येक ठोका संपायच्या आत विजेचा सिग्नल ट्रान्झिस्टरांच्या साखळीतून पार होऊन ठरल्या जागी पोचलेला हवा. आता ताशाची लय हळूहळू वाढवत न्या. आधी काहीच होत नाही. मग सगळ्यात मागच्या रांगेतला एखादा ढोलवाला एक ठोका चुकतो. पण मिरवणूक थांबते का? लक्ष्मी रोडच्या गर्दीत कोणाला कळतही नाही.

तो चुकलेला ठोका कुठे पडला, यावर पुढचं सगळं ठरतं. विंडोजच्या एखाद्या नाजूक जागी पडला तर निळा स्क्रीन. गेममधल्या झाडाच्या पानावर पडला तर पानाचा रंग क्षणभर वेगळा, तुम्हाला पत्ताही नाही. आणि फाइल बांधताना पडला तर फाइल चुकीची बनते, चुकीचीच सेव्ह होते आणि तुम्ही समाधानाने कार्ड फॉरमॅट करता. माझ्या मते निळा स्क्रीन परवडला. तो निदान तोंडावर सांगतो.

जानेवारीत टिकलं ते मेमध्ये का फसलं? सरळ आहे. कूलर हा काही एसी नाही, तो प्रोसेसरची उष्णता खोलीतल्या हवेत ढकलतो. हवाच दहा डिग्रीने गरम असेल तर प्रोसेसरही साधारण दहा डिग्रीने गरम. आणि काठावर चालणारा प्रोसेसर तापला की त्याच व्होल्टेजवर तोच वेग त्याला झेपेनासा होतो. आपल्याकडे जानेवारीच्या पहाटेची आणि मेच्या दुपारची खोली यांच्यात पंधरा-वीस डिग्रीचा फरक सहज पडतो. परदेशी यूट्यूबवाल्यांचे आकडे जसेच्या तसे उचलू नका ते यासाठी. त्यांच्या खोलीत बाराही महिने बावीस डिग्री असतात. नागपूरच्या वाचकांना तर मी हात जोडते!

ऑक्टोबर हीटमधल्या एका रविवारी आम्ही त्या मशिनचं पोस्टमॉर्टम केलं. आधी रॅम. मेमटेस्ट८६ पेन ड्राइव्हवरून चालवलं, चारही फेऱ्या स्वच्छ. एसएसडी ठणठणीत. मग मेमध्ये होतं तेच सेटिंग, ५.२ गिगाहर्ट्झ, तसंच ठेवून प्राइम९५ लावलं. या प्रोग्रॅमबद्दल दोन शब्द सांगितलेच पाहिजेत. तो मुळात प्रोसेसर तपासायला बनलेलाच नाही. १९९६ साली जॉर्ज वोल्टमन यांनी अवाढव्य मूळ संख्या शोधायचा एक जागतिक प्रकल्प सुरू केला. जगभरच्या लोकांनी आपापल्या कम्प्युटरचा रिकामा वेळ त्यासाठी द्यायचा. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये या प्रकल्पात सापडलेल्या संख्येत ४ कोटी १० लाखांहून जास्त अंक आहेत. आता एवढ्या गणितात एक ठोका चुकला की सगळं मुसळ केरात. म्हणून त्यांनी प्रोग्रॅममध्ये एक ‘टॉर्चर टेस्ट’ घातली. ज्यांची उत्तरं आधीच माहीत आहेत अशी गणितं प्रोसेसरला घालायची आणि उत्तर ताडून बघायचं. मशिन हँग झालं का हा प्रश्नच नाही, उत्तर बरोबर आलं का हा प्रश्न! २०१६मध्ये तर इंटेलच्या सहाव्या पिढीच्या प्रोसेसरमधला एक दोष याच प्रोग्रॅममुळे उजेडात आला आणि इंटेलला बायोस अपडेटमधून दुरुस्ती द्यावी लागली.

तर, चाळीस मिनिटं काही झालं नाही. मित्र म्हणाला, ‘बघ, प्रोसेसर नाहीये, दुसरंच काहीतरी आहे.’ आम्ही चहा टाकला. चहा गाळेपर्यंत एका वर्करच्या खिडकीत ओळ उमटली होती : गंभीर चूक, राउंडिंग ०.५ आलं, ०.४पेक्षा कमी अपेक्षित होतं. तो वर्कर थांबला. बाकीचे चालूच. माउस हलत होता, गाणं वाजत होतं, विंडोजला कसलीच खबर नाही. मित्र त्या ओळीकडे बराच वेळ बघत बसला. हा कोर्टात टिकणारा पुरावा नाही, मेमधला तो नेमका ठोका आपण परत ऐकू शकत नाही. पण मला पुरेसा वाटला. त्यालाही.

मग सगळं पुसून पहिल्यापासून सुरुवात केली. ते जसं केलं तसं सांगते, तुमचा प्रोसेसर वेगळा असला तरी क्रम हाच राहील.

पहिल्यांदा बायोसचा अपडेट घेतला आणि सगळी सेटिंग्ज कंपनीच्या मूळ जागी आणली. मदरबोर्डच्या पुस्तिकेत ‘क्लिअर सीएमओएस’चे पाय कुठे आहेत ते आधीच बघून ठेवलं. मशिन सुरूच झालं नाही तर तिथून सगळं मूळपदावर येतं, आणि ती जागा काळोखात मोबाइलच्या टॉर्चने शोधण्यात काही मजा नाही. कामाच्या सगळ्या फाइल्सची कॉपी काढून ती डिस्क वायर काढून बाजूला ठेवली. हे वाचून हसू नका. ज्या मशिनवर विश्वास नाही, त्याला आपली एकमेव कॉपी दाखवायची नाही.

मग मूळ वेगावरच तासभर प्राइम९५. हो, मूळ वेगावर! कारण न छेडलेला प्रोसेसरही बिघडलेला असू शकतो. २०२४मध्ये जगाने हे बघितलं. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे बरेच डेस्कटॉप प्रोसेसर गेम खेळताना क्रॅश व्हायला लागले. लोक आधी ग्राफिक्स कार्डाला शिव्या घालत होते. शेवटी इंटेलने मान्य केलं की प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता आणि त्याने आतलं सर्किट कायमचं कमजोर होत होतं. ऑगस्ट २०२४मध्ये त्यावर मायक्रोकोडचा अपडेट आला, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली गेली, पण जो प्रोसेसर आधीच खराब झाला होता तो अपडेटने बरा झाला नाही. बदलूनच घ्यावा लागला. तुमच्याकडे या दोन पिढ्यांपैकी काही असेल तर ओव्हरक्लॉकिंगचा विचार नंतर, आधी बायोस अपडेट. आजच.

मित्राचा बारावी पिढीचा प्रोसेसर यातून वाचलेला होता. मूळ वेगावर टेस्ट पास. सगळे मोठे कोअर कामाला लागले की तो ४.५ गिगाहर्ट्झवर चालतो, म्हणजे १०० मेगाहर्ट्झ गुणिले ४५. आम्ही एक्सएमपी बंद केलं, कारण रॅमचा वेग आणि प्रोसेसरचा वेग एकदम वाढवला तर चूक कोणाची ते कधीच कळत नाही. सासू-सून एकाच ओट्यावर असल्या की आमटी कोणी खारट केली हे जसं कळत नाही, तसंच. मग गुणक ४५चा ४७ केला. दहा मिनिटं सिनेबेंच, अर्धा तास प्राइम९५. ४८. पुन्हा तेच. ४९. प्रत्येक पायरीला एचडब्ल्यूइन्फो उघडं ठेवून टेम्परेचर, व्होल्टेज आणि वॅट वहीत लिहायचे. वहीतच बरं का! क्रॅश झालं तर कम्प्युटरमधली नोंद कम्प्युटरबरोबर जाते.

व्होल्टेज ‘ऑटो’वर ठेवायचं नाही, हा या सगळ्यातला माझा सगळ्यात ठाम सल्ला. ऑटो म्हणजे मदरबोर्डने अंदाजाने वाढलेलं ताट. बोर्डाला तुमची टेस्ट पास करायची असते, प्रोसेसर किती वर्षं जगेल याची त्याला पडलेली नसते. आणि व्होल्टेजचं गणित क्रूर आहे. प्रोसेसर खातो ती वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. आमच्याच वहीतलं उदाहरण घ्या. वेग ४.५चा ५.०, म्हणजे ११ टक्के जास्त. त्यासाठी व्होल्टेज १.२०चं १.३०. आता १.३० भागिले १.२०, त्याचा वर्ग, गुणिले १.११. उत्तर येतं १.३०. वेग ११ टक्के जास्त, वीज आणि उष्णता ३० टक्के जास्त! फुकटची कोथिंबीर म्हणता म्हणता भाजीच महाग झाली की नाही?

रोजच्या वापरात लोडवर १.३५ व्होल्टच्या पुढे जायचं नाही, अशी आम्ही रेषा आखली. लोड-लाइन कॅलिब्रेशन नावाचं एक सेटिंग असतं. लोड आला की व्होल्टेज थोडं घसरतं, ते सावरायची सोय. ते मधल्या लेव्हलला ठेवलं. सगळ्यात वर ठेवलं तर लोड अचानक उतरताना व्होल्टेज क्षणभर उसळतं आणि ते तुमच्या स्क्रीनवरच्या आकड्यात दिसतही नाही. एएमडीवाल्यांसाठी एक सावधगिरी जाता जाता : २०२३मध्ये काही रायझन ७०००एक्स३डी प्रोसेसर सॉकेटसकट जळले. रॅमचं प्रोफाइल चालू केलं की बोर्ड एसओसीचं व्होल्टेज भलतंच चढवत होते. त्यानंतर बायोस अपडेटमधून ते १.३ व्होल्टवर बांधलं गेलं. बायोस जुना असेल तर आधी तो बदला.

पाच गिगाहर्ट्झवर १.२८ व्होल्टने आमची पहिली विकेट पडली. प्राइम९५ नव्हे, वाय-क्रंचरने पाडली, आणि तीही तीन तासांनी. एकाच टेस्टवर विसंबू नये ते यासाठी. प्राइम९५च्या लहान गणितांनी कोअर सगळ्यात जास्त तापतो, मोठ्या गणितांनी मेमरीपर्यंतचा रस्ता तपासला जातो, वाय-क्रंचर पायचे अंक काढताना वेगळ्याच कोपऱ्यात हात घालतं, ओसीसीटी लोड चढवत-उतरवत ठेवतं. सिनेबेंच? ते फक्त अगदीच नापास होणाऱ्याला गेटवर अडवतं. त्याचं पास होणं म्हणजे चाचणी परीक्षेतलं पास होणं. मध्येच एकदा लाइट गेली आणि मित्राच्या ६०० व्हीएच्या यूपीएसने एवढा लोड बघून ‘टूं’ करून मान टाकली. अशा यूपीएसची ताकद साधारण ३६० वॅटची असते आणि याची बॅटरीही म्हातारी झाली होती. कॅबिनेटच्या आतलं सगळं वाढवताना बाहेरच्या या डब्याकडे कोणाचंच लक्ष नसतं.

१.३० व्होल्ट दिल्यावर पाच गिगाहर्ट्झ रात्रभर टिकले. मित्र सकाळी सातला फोनवर ओरडला, ‘अगं, झालं!’ मी विचारलं, टेम्परेचर? ‘सगळ्यात वर त्र्याण्णव.’ खोलीत? ‘एकतीस.’ मग मीच बेरीज करून दाखवली. मेमध्ये त्याची वरच्या मजल्यावरची खोली अडतीस होते. सात डिग्री जास्त. त्र्याण्णव अधिक सात शंभर, आणि हा प्रोसेसर शंभरला स्वतःचा वेग कमी करायला लागतो. म्हणजे ऐन लग्नसराईत पाच गिगाहर्ट्झ फक्त वहीत राहणार. शिवाय तो तेव्हा परत काठावर असणार. फोनवर थोडा वेळ शांतता. मग ४९ आणि १.२५ व्होल्टवर आलो. तेवढ्याच टेस्ट पुन्हा. सगळ्यात वर चौऱ्याऐंशी.

त्यानंतरचे दोन आठवडे मशिनवर फक्त दुय्यम काम. हा भाग सगळे गाळतात, आणि खरं तर हाच महत्त्वाचा. कारण काही सेटिंग्ज भर लोडवर टिकतात आणि तुम्ही नुसता ब्राउझर उघडून बसलात की कोसळतात. रायझनवर कर्व्ह ऑप्टिमायझर वापरून व्होल्टेज कमी करणाऱ्यांना हा अनुभव फार येतो. तिथे एकेक कोअर वेगळा तपासणारा कोअरसायकलर लावा. रोज रात्री विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डोकावून डब्ल्यूएचईए-लॉगर नावाची नोंद आहे का बघायचं. तिथे प्रोसेसर स्वतः दबक्या आवाजात कबुली देतो : चुकलो होतो, पण सावरलं. अशी एक जरी नोंद दिसली तरी टेस्ट नापास, भले मशिन पळत असो. आणि मित्राने स्वतःची एक टेस्ट बनवली. पन्नास जीबीचं जुनं फुटेज सेव्हन-झिपने बांधायचं, मग त्यातच असलेलं ‘टेस्ट’चं बटण दाबायचं. वीस वेळा केलं. वीसही वेळा स्वच्छ. मे महिन्यात ते बटण एकदा दाबलं असतं तर, हे वाक्य त्याने अर्धंच सोडलं.

आता हिशेब. ४.५चे ४.९, म्हणजे नऊ टक्के. प्रोसेसरच्या जोरावर होणारं त्याचं चाळीस मिनिटांचं एक्स्पोर्ट सदतीस मिनिटांवर आलं. ग्राफिक्सच्या जोरावर होणाऱ्या एक्स्पोर्टमध्ये काही फरक नाही. गेममध्ये नावाला, कारण तिथे बहुतेक वेळा ग्राफिक्स कार्डच दम टाकत असतं. एक्सेल, ईमेल, टीम्सचे कॉल यांना तर ढिम्म फरक पडत नाही. तुमचं काम एवढंच असेल तर बायोसमध्ये शिरू नका, त्या पैशात रॅम वाढवा किंवा दिवाळीनंतर न साफ केलेल्या पंख्यांवर ब्लोअर मारा. आणि ऑफिसच्या मशिनला हात लावायचा विचारही नको. आयटीवाल्यांनी बायोसला पासवर्ड टाकलाय तो काही हौस म्हणून नाही. वॉरंटीचंही लक्षात असू द्या : ओव्हरक्लॉकिंगने झालेलं नुकसान इंटेल आणि एएमडी दोघांच्याही साध्या वॉरंटीत बसत नाही.

मग करायचं कशाला? तीन मिनिटांसाठी? लग्नसराईत दिवसाला दहा-दहा एक्स्पोर्ट करणाऱ्याला अर्धा तास म्हणजे लवकर जेवण आणि वेळेवर झोप. आणि खरं सांगू, स्वतःच्या हाताने मशिनला ओळखण्यात एक मजा आहे, ती काकांना कळते, मलाही कळते. पण मित्राने कामाच्या पद्धतीत जो बदल केला तो नऊ टक्क्यांपेक्षा मोठा आहे. आता तो फुटेज झिप करत नाही, तसंच ठेवतो. दोन ठिकाणी कॉपी करतो, दोन्ही कॉप्यांचे चेकसम मूळ कार्डाशी ताडतो, ते जुळले की मगच कार्ड फॉरमॅट.

ही थंडी त्याचं मशिन आरामात काढेल. खोलीत सध्या वीस डिग्री आहेत, पंख्यांचा आवाजही येत नाही आणि त्याला परवा पुन्हा ५.२ आठवले होते. मी काही बोलले नाही, त्याने आपणच मोबाइल पुढे केला. कॅलेंडरमध्ये एप्रिलच्या शेवटच्या रविवारी दुपारी दोनला एक नोंद आहे : खिडक्या बंद, प्राइम९५, चार तास.